जाळमुखी नाक्याचं नाव

गेल्या श्रावणात दवाखान्यातून परत येताना रिक्षावाल्यानं मला विचारलं, "काका, जाळमुखीच्या अलीकडं उतरायचं का पलीकडं?"

मी म्हणालो, "नाक्यावरच सोड."

पोरगा बोलका होता. परभणीच्या जिंतूर रस्त्यावर तेव्हा पाणी साचलेलं, रिक्षा सावकाश चाललेली. तो म्हणाला, "हे जाळमुखी नाव कसं पडलं, म्हाईत हाय का तुमाला?"

गप्प बसलेल्या म्हाताऱ्याला माहीत नसतं असं धरून त्यानंच सांगायला सुरुवात केली.

"लय जुनी गोष्ट हाय. हितं एका मिस्त्रीचं टायरचं दुकान व्हतं. त्यानं काय केलं, धंदा चालावा म्हणून देवीच्या नावाची पाटी लावली. अन् देवीच्याच दगडावर टायरं आपटायचा. देवी ती देवी. एक दिवस अशी खवळली, का त्याची भट्टी आपोआप भडकली. मिस्त्री जो पळाला, तो पुन्हा कुणाला दिसला न्हाई. कडक हाय आपली जाळमुखी."

एवढं बोलून त्यानं हँडलवरचा उजवा हात छातीला लावला. नाक्यावर, लिंबाखाली, शेंदराचे थरावर थर चढलेला दगड आहे. त्याच्यावर आता पत्र्याची शेड आहे, घंटा आहे, मंगळवारी गर्दी असते.

रिक्षावाल्याच्या गोष्टीतलं दुकान खरं, बाकी बहुतेक सगळं खोटं आहे. भट्टी भडकली नाही, मिस्त्री पळाला नाही आणि दगड देवीचा नव्हता. पाटी मात्र होती. ती मी रंगवली होती.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला "पेंटरकीच्या आठवणी लिहा, मजा येईल" असं सांगितलं. मजेच्या गोष्टी आहेत, त्यातल्या एकदोन सांगेन. पण वय झालं आहे आणि पुन्हा लिहायचं होईल की नाही याची खात्री नाही, म्हणून जी गोष्ट लिहायची राहिली आहे तीच मुख्यतः लिहितो.

आधी थोडं कामाबद्दल. हल्ली दुकानाची पाटी छापून येते. आमच्या वेळी पत्रा यायचा, कोरा, हिरवट. तो घासायचा. मग त्याला अस्तर द्यायचं. अस्तर नीट नसेल तर दोन पावसाळ्यांत पत्रा गंजतो आणि अक्षर पापुद्रा धरून उतरतं. हे अस्तर म्हणजे अळशीच्या तेलात कालवलेला शेंदूर. होय, तोच. हनुमंताला लावतात तो. लोखंडाला गंजापासून वाचवायला त्याच्याइतकं चांगलं तेव्हा काही नव्हतं. म्हणजे गावातली प्रत्येक पाटी, मग ती दारूच्या दुकानाची असो की कापडाच्या, आतून शेंदरी असायची. वरून काळा, निळा, हिरवा रंग बसला की कुणाला कळायचं नाही. शेंदूर सुकला की खडू माखलेली दोरी ताणून सुतासारख्या रेघा मारायच्या, आणि डाव्या हातातल्या काठीवर उजवा हात टेकवून खारीच्या केसांच्या ब्रशनं अक्षर ओढायचं. श्वास अक्षर संपल्यावर सोडायचा, मध्ये नाही.

मी मूळचा वालूरचा. शाळा शिकलो ती निजामाच्या राज्यात, म्हणजे उर्दूत. घरी मराठी बोलायचो, देवापुढं मराठी म्हणायचो, पण लिहायला बसलो की हात उजवीकडून निघायचा. परभणीत येऊन मी पाट्या रंगवायला लागलो तेव्हा अर्ध्या पाट्या उर्दू होत्या. पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, आणि काही वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. तेव्हा एकदम सगळ्यांना मराठी पाटी पाहिजे झाली. कचेऱ्यांना पाहिजे, दुकानदारांना पाहिजे. ज्यांना मराठी वाचता येत नव्हतं त्यांनाही पाहिजे. आमच्यासाठी तो सुगीचा काळ होता, आणि माझ्यासाठी फजितीचा. एका बाईंच्या खानावळीची पाटी मी सवयीनं उजवीकडून मोजत आणली आणि "खा" ला जागाच उरली नाही. "नावळ" एवढंच झालं. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पेंटर, लोकांनी नावं ठेवावीत म्हणून पाटी केली का ही?" एका वकिलांचा "की" मी ऱ्हस्व काढला, तर ते म्हणाले, "माझी अर्धी वकिली तुम्हीच कमी केलीत." मी हसलो, दुरुस्त केलं. शब्द चुकला तर पुसता येतो, अशी तेव्हा माझी समजूत होती.

दस्तगीर मिस्त्री याच काळातले. जिंतूर रस्त्याला लिंबाच्या झाडाखाली त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्या, वर पत्रे, एक पाण्याचं टाकं आणि टायर पकवायचं यंत्र. समोर एक काळा पाषाण पडलेला, इथल्या जमिनीत नांगर लावला की निघतो तसलाच. त्याच्यावर टायर ठेवून ते हातोड्यानं रिंग सोडवायचे. पन्नाशीचे असतील. उंच, वाकलेले, मिशा सल्फरच्या धुरानं पिवळट झालेल्या. त्यांना आई-बायको कुणी नव्हतं, एक बहीण होती हैदराबादेत. गावातल्या इतरांसारखे ते माझ्याशी दखनी बोलायचे, मी त्यांच्याशी निम्मी मराठी निम्मी दखनी.

ॲक्शननंतर त्यांच्यासारख्या माणसांनी आवाज खाली आणला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि आमच्याकडेही सगळं विसरलेलं नव्हतं. रझाकारांच्या धुमाळीत माझ्या चुलत्याचं घर जळालं होतं. पण दस्तगीर मिस्त्रींचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. महायुद्ध लागल्यापासून ॲक्शन होऊन जाईपर्यंत ते बेंगळूरला फौजी कारखान्यात टायर पकवत होते आणि परत आले ते तेवढी एक विद्या घेऊन.

एके सकाळी मला म्हणाले, "पेंटर, मेरेकू भी मराठी बोर्ड होना. सब लगारे."

मी विचारलं, "काय लिहायचं?"

"येइच. जो धंदा है." आणि त्यांनी जुन्या पाटीकडं बोट केलं. तिच्यावर उर्दूत लांबलचक शब्द होता, जो वाचताना माझीही जीभ अडखळायची. व्हल्कनायझिंग.

"मिस्त्री, हे मराठीत लिहिलं तर लोकांना वाचता येणार न्हाई."

"लोगां टायर देखके आते, बोर्ड पढ़के नहीं आते."

"मग बोर्ड कशाला पाहिजे?"

ते हसले. "सब लगारे, इसके वास्ते."

मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. त्यांनी आधी काम दाखवलं. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. त्यात गंधक मिसळून, लोखंडी साच्यात दाबून, तापवलं की ते बदलतं. मग ऊन-थंडी काही करत नाही. ट्यूबला नुसतं सोल्युशन लावून चिकटवलेलं ठिगळ म्हणजे कच्चं काम, यंत्रात दाबून पकवलेलं ते पक्कं. ते ट्यूब टाक्यात बुडवून दाखवायचे, बुडबुडा येत नाही बघ म्हणायचे. मग मी म्हणालो, हे कळलं, पण शब्द?

तेव्हा त्यांनी ही हकीकत सांगितली. बेंगळूरच्या कारखान्यात इटलीचे युद्धकैदी कामाला लावलेले होते. त्यातला एक त्यांच्या भट्टीवर होता. गंधकाचा वास आला की तो छाती भरून श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, माझ्या घराचा वास. "उसके गाँव के सामने दर्या में टापू है बोलता था. उसका नाम वुल्कानो. पहाड़ है, अंदर आग. गंधक उबलता. पुराने जमाने में उनके लोगां बोलते थे, इस पहाड़ के अंदर एक लुहार देव बैठा है. लंगड़ा. देवलोगां के हत्यारां वोइच बनाता. उस लुहार का नाम वुल्कान. उसी के नाम पे टापू, टापू के नाम पे दुनिया के सब आग के पहाड़ां, और उसी के नाम पे मेरा ये टायर का काम. आग और गंधक, दोनों है ना इसमें." मग ते स्वतःच्या यंत्राकडं बघून म्हणाले, "मैं भी लुहारइच हूँ. लंगड़ा नहीं हूँ, इतनाइच फरक."

हे सगळं खरं आहे. पुढं मी शिकलेल्या लोकांना विचारून खात्री करून घेतली. त्या वेळी मात्र मला एवढंच सुचलं, की या शब्दाला मराठी सापडलं. मी म्हणालो, "आग का पहाड़ म्हणजे आतिशफ़िशाँ ना?"

"हौ. आतिशफ़िशाँ."

शाळेत भूगोलात शिकलेला तो उर्दू शब्द मला येत होता, मराठी येत नव्हता. मी आमच्या गल्लीतल्या मास्तरांना विचारलं. त्यांनी पान लावता लावता सांगितलं, "ज्वालामुखी."

काय देखणा शब्द! "ज्वा" चं ते वेलांटीशिवायचं भरदार जोडाक्षर, मध्ये "ला" ची मोकळीक, शेवटी "खी" ची लांब वेलांटी. पेंटरला शब्द अर्थानं आवडत नाही, आकारानं आवडतो. मी मिस्त्रींना सांगितलं, आपण लिहू, "ज्वालामुखी टायर दुरुस्ती". त्यांनी दोनदा उच्चार करून पाहिला. "जालामुखी. जबान पे अच्छा बैठता." मग जरा थांबून विचारलं, "कोई देव-बिव का नाम तो नहीं ना ये? देख ले."

मी म्हणालो, "न्हाई हो. पहाडाचं नाव हाय."

मला ठाऊक नव्हतं असं लिहिलं तर ते पुरतं खरं होणार नाही. ज्वालामुखी नावाची देवी उत्तरेत कुठंतरी आहे हे मी कधीतरी कीर्तनात ऐकलं होतं. पण ती दूरची, आमच्याकडं कुणाला माहीत, असं मनात म्हटलं आणि सोडून दिलं. शब्द हातातून जाऊ द्यायचा नव्हता.

ती पाटी मी माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली पाटी केली. पत्रा त्यांच्या दुकानासमोरच घासला, तिथंच शेंदराचं अस्तर दिलं. ब्रशला उरलेला शेंदूर पुसायला समोर तो काळा पाषाण होता, त्याच्यावर पुसला. दोन हात दिले अस्तराचे, दोन्ही वेळेला पुसला. मग काळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, अक्षरांना लाल सावली, आणि डाव्या अंगाला जळणारा डोंगर, वर ज्वाळा. कोपऱ्यात बारीक अक्षरात "पेंटर सोपान". पाटी चढली तेव्हा मिस्त्री रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत होते. म्हणाले, "बेटा, इतना अच्छा बोर्ड मेरे काम को शोभता नहीं."

दसरा झाला. नगरकडं ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या तेव्हा थोड्या असत, पण असत. बैलगाड्यांची एक टोळी लिंबाखाली थांबली. बैल पंक्चरच्या टाक्यातलं पाणी प्यायला लागले आणि मिस्त्री ओरडले, "अरे वो रबर का पानी है, पेट में ट्यूब बनेगा!" सगळे हसले. तेवढ्यात गाडीतून उतरलेली एक तरुण बाई पाटीपुढं उभी राहिली. टोळीतल्या एकाला अक्षरओळख होती, त्यानं मोठ्यानं वाचलं, "ज्वा-ला-मु-खी." बाईनं पाटीवरच्या ज्वाळा पाहिल्या, खाली पाषाण पाहिला. पाषाण शेंदरी होता. अजून काय पाहिजे?

तिनं पदर डोक्यावर घेतला, दगडाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. म्हणाली, "बाई गं, लेकराबाळांसकट चाललोय. समद्यांला माघारी आण."

मी तिथंच होतो. तिचा चेहरा असा होता, की मध्ये बोलायची हिंमत कुणालाच झाली नसती. टोळी गेल्यावर मिस्त्रींनी नारळाची अर्धी वाटी माझ्या हातावर ठेवली. "वा रे पेंटर. मैं पंद्रह साल टायर पकाया, तू दो दिन में देवी पकाया." हसता हसता ते थांबले. "सुन. आज एकइच नारियल है. आज पोंछ डाल. ये पत्थर भी, वो नाम भी. कल को दस हुए तो मेरेकू भारी पड़ेगा."

मी म्हणालो, "चार बायका पाया पडल्या म्हणून काय झालं? बरंच हाय की. आणि पाटी नवी हाय, पुसली तर पत्रा खराब होईल."

"पत्रे का क्या है."

"बघतो," म्हणालो.

बघितलं नाही. खरं कारण पत्रा नव्हता. लोक ती पाटी बघायला थांबायचे आणि मला ते सोडवत नव्हतं.

माघारी येताना त्या टोळीतली माणसं सुखरूप आली असावीत, कारण उन्हाळ्यात दगडावर खण आला. मग आजूबाजूच्या बायका मंगळवारी येऊ लागल्या. मिस्त्रींनी दगडावर टायर आपटणं केव्हाच बंद केलं होतं. ते जमिनीवर बसून काम करत. तिकडं चपला काढून जात. एकदा मी विचारलं, "तुमी कशाला चपला काढता?" म्हणाले, "मेरे पत्थर पे दूसरे का दिल रखा है. मैं उसपे जूता कैसा लाऊँ?"

मग गावात बोलणं सुरू झालं. मियाँनं देवीचं नाव लावलंय. देवीच्या नावावर टायर विकायलाय. हे कानावर आलं त्या दुपारी मी काळ्या रंगाचा डबा घेऊन गेलो, शिडी लावली आणि पाटीच्या कोपऱ्यातलं "पेंटर सोपान" झाकून टाकलं. मिस्त्री खाली ट्यूब घासत होते. त्यांनी वर पाहिलं, मी काय करतो आहे ते त्यांना दिसलं, आणि ते पुन्हा ट्यूब घासू लागले.

ती पाटी मी रंगवली हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? तरी मी नाव पुसलं. आणि ज्या नावाचा प्रश्न होता ते तसंच ठेवलं.

जागा ज्यांची होती ते आडतीचे व्यापारी, सगळे त्यांना भाऊ म्हणत. वाईट माणूस नव्हता. नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांचं काम मला त्यांच्याच शब्दानं मिळणार होतं. ते चारपाच जणांना घेऊन दुकानावर आले. मीही होतो, मला मुद्दाम बोलावलं होतं. भाऊ आधी दगडाच्या पाया पडले, मग म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यावर आमचा राग न्हाई. पर हे बरं दिसंना. देवीच्या पाटीखाली टायरं, हातोडे. रंगवली सोपाननं, ते म्हाईत हाय. नाव कुणी सांगितलं?"

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. एखादा माणूस दार उघडं आहे का बघतो तेवढंच. मी पायाखालच्या मातीकडं बघत होतो.

"मैंच बोला," ते म्हणाले.

"अर्थ म्हाईत व्हता का?"

"पहाड़ का नाम है, साब. जिसमें से आग निकलती."

मागून एकजण म्हणाला, "आता डोंगर म्हणायलाय बघा!" दुसऱ्यानं टाळी दिली.

मिस्त्री म्हणाले, "आप बोले तो नाम पोंछ देता हूँ. अभी."

आणि इथं सगळे अडकले. देवीचं नाव पुसायचं? पुसणार कोण? ज्या नावापुढं बायका नारळ फोडतात त्यावर काळं कोण फासणार? भाऊंनी मला विचारलं, "सोपान, तू पुसशील का?" मी मान हलवली. नाही. त्या क्षणाला एवढीच एक गोष्ट मी केली, आणि ती गोष्ट मिस्त्रींच्या विरोधात गेली. भाऊ जरा विचार करून म्हणाले, "मग पाटी राहू द्या. दुकान हलवा."

असा निवाडा मी पुन्हा कधी ऐकला नाही. नाव राहिलं. ज्याच्या धंद्याचं ते नाव होतं तो माणूस गेला. मिस्त्रींनी यंत्र सोडवलं, बल्ल्या उपटल्या, एका मालट्रकवर सामान चढवलं. मी मदतीला गेलो नाही. लांबून पाहिलं. निघताना ते दगडाला वळसा घालून गेले.

पुढं येलदरीला धरणाचं काम सुरू झालं तेव्हा मला तिथं "धोका" रंगवायचं काम मिळालं. लाल पत्र्यावर पांढरी दोन अक्षरं, शेकड्यानं. जिंतूरच्या पुढं एका बाभळीखाली टायर टांगलेलं दिसलं आणि खाली दस्तगीर मिस्त्री बसलेले. मी गाडीतून उतरलो. त्यांनी चहा मागवला. काम बरं आहे म्हणाले, सिमेंटच्या गाड्या आहेत, टायर फाटतात.

मी म्हणालो, "मिस्त्री, बोर्ड करून देतो. हात जोडतो, करू द्या."

त्यांनी वर टांगलेल्या टायरकडं बोट केलं. "इसको पढ़ना नहीं पड़ता."

चहा संपल्यावर म्हणाले, "एक काम कर. वहाँ बोलते, मैं उनकी देवी का नाम बेचके खाया. दुकान गया, जाने दे. वो बात निकाल. एक बार वहाँ खड़ा रहके बोल दे लफ़्ज़ का मतलब क्या है, कहाँ से आया. मैं बोला तो हँसे. तू बोला तो सुनेंगे."

मी म्हणालो, "सांगतो."

"कब?"

"परभणीला गेलो की."

परभणीला मी त्याच आठवड्यात गेलो. तिथंच राहिलो, तिथंच म्हातारा झालो. आधी कचेऱ्यांचं काम हातचं जाईल म्हणून बोललो नाही. मग पोरांची लग्नं व्हायची होती म्हणून. मग इतकी वर्षं झाली, आता कशाला म्हणून. दरम्यान पाटी गंजून पडली, माझं अस्तर चांगलं होतं तरी. लोकांच्या तोंडी ज्वालामुखीचं जाळमुखी झालं. भट्टी भडकल्याची गोष्ट कुणी जोडली मला माहीत नाही. दस्तगीर मिस्त्री धरण पुरं व्हायच्या आधी हैदराबादला बहिणीकडं गेले आणि तिथंच वारले असं एका ड्रायव्हरनं सांगितलं. त्यानंतर मी कितीतरी दुकानांवर "व्हल्कनायझिंग" हा शब्द रंगवला. जसाच्या तसा. अर्थ विचारला तर सांगायचो, इंग्रजी आहे.

दस्तगीर या शब्दाचाही अर्थ आहे. हात धरणारा. उर्दू शाळेत शिकलो असल्यानं तो मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

त्या दिवशी रिक्षावाल्यानं नाक्यावर सोडलं तेव्हा मी घरी गेलो नाही. लिंबाखाली गेलो. मंगळवार होता. पावसामुळं चारदोनच बायका, काही माणसं आणि अंगारा देणारी एक म्हातारी, माझ्याहून थोडी लहान. मी चपला काढल्या आणि उभं राहून बोललो. मोठ्यानं बोललो, पण आवाज आता मोठा येत नाही. इथं दस्तगीर मिस्त्रींचं दुकान होतं. तो शब्द त्यांच्या टायरच्या कामाचा, तो एका जळत्या डोंगरावरून आला, आणि डोंगराचं नाव एका लोहार देवावरून. दगडावरचा पहिला शेंदूर माझ्या ब्रशचा. मिस्त्रींनी कुणाच्या देवीचं नाव विकलं नाही.

माणसं निघून गेली. एकानं "बाबांना ताप चढलाय" असं म्हटलं. म्हातारी मात्र ऐकत होती. तिनं माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "मंजे त्या मिस्त्रीनंच देवी आणली म्हना की. चांगला मानूस असंल."

किती सोपं होतं. त्यालाही देवीचा भक्त करून टाकायचं, नवी गोष्ट सुरू व्हायची, आणि तीही खोटी. मी म्हणालो, "न्हाई बाई. चांगला माणूस होता, पण त्यानं आणली न्हाई. तो पहिल्या दिवशीच पुसून टाक म्हणाला होता. आणली मी. अन् त्याला जावं लागलं तेव्हा मी गप बसलो."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. रागानं नाही. जे कळत नाही ते विचारावं तसं तिनं विचारलं, "मग इतके दिस कुठं व्हतास रं बाबा?"

मी इथंच होतो. पाट्या रंगवत होतो.